आंबटाचा हिवाळा

थंडी पडली की गोरव्याच्या कारखान्यांचा धूर वर जात नाही. धुराड्यांनी दिवसभर जे आकाशात सोडलेलं असतं ते संध्याकाळी खाली उतरतं आणि शेडच्या पत्र्यांवर, लिंबाच्या झाडांवर, आपल्या स्वेटरवर बसून राहतं. उभा जन्म त्या वासात गेला, त्यामुळे तो मला आता येतच नाही. येतो तो दुसराच. मार्गशीर्ष लागला की ओल्या लाकडाचा, जुन्या चामड्याचा आणि ठेचलेल्या आवळ्याचा मिळून एक वास माझ्या शेडच्या मागच्या खोलीतून येतो. त्या खोलीत आता मोडके कॉम्प्रेसर आणि थर्माकोलचे तुकडे पडलेले आहेत. आवळ्याचा वास यावा असं तिथे काही नाही.

यंदाही तो आला. रस्त्याकडेला दोन खांबांमध्ये पतंगाची दोरी ताणून तिला गुलाबी रंग चोपडणारी माणसं दिसायला लागली, पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या, गाड्यांवर लिंबू-मिरीची शेव आली, आणि त्याच आठवड्यात प्रदीप लग्नाच्या पत्रिका घेऊन शेडवर आला. प्रदीप हा माझ्या मित्राचा, विलासचा, धाकटा भाऊ. विलासला जाऊन काही वर्षं झाली. प्रदीपच्या मुलीचं लग्न ठरलंय. माझी पत्रिका हातात देऊन झाल्यावर त्याने पिशवीतून आणखी एक काढली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"ही संध्यावहिनींची. मी गेलो तर दार नाही उघडणार त्या. तू देशील ने, शिरीषदादा?"

देईन म्हटलं.

"आणि समजाव ने जरा. पोरगी विचारते, काकी आपल्याकडे का येत नाही. काय सांगू तिला? मी पितो हे खरंय, मी कुठे नाही म्हणतो. पण दादाला मी कधी पाजली नाही रे. आईची शपथ. तुझं ऐकतात त्या."

तो गेल्यावर पत्रिका बराच वेळ टेबलावर तशीच पडून होती. प्रदीप खरं बोलत होता. ते खरं आहे हे खात्रीने सांगू शकेल असा एकच माणूस या गावात आहे, आणि विलास गेल्यापासून तो गप्प बसलेला आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. गुजरातेत दारू करणं गुन्हा आहे आणि पिणंही. आम्ही तो गुन्हा केला. त्या मागच्या खोलीत, जाड दाराआड, काही वर्षं मी एकटा आणि शेवटी आम्ही दोघं लाकडी पिंपांत आंबट बिअर मुरवत होतो. कुणाला विकली नाही. पोलिसांची भीती होती, आणि खरं म्हणजे ती भीती आम्हाला आवडायची. दाराला आतून कडी घालायची, फोनवर "लोणचं कसं काय" असं विचारायचं, हसायचं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांना चोरी करायला मिळते कुठे. पण एखाद्या भीतीचा एवढा गाजावाजा केला की दुसरी शेजारी येऊन बसली तरी तिच्याकडे लक्ष जात नाही.

माझा धंदा थंडाव्याचा. शीतगृहं बांधायची, चिलर दुरुस्त करायचे. पुण्याला एका छोट्या ब्रुअरीच्या कामाला गेलो होतो तेव्हा तिथल्या मालकाने पिंपातून थोडीशी काढून दिली. मला दारूचं वेड कधी नव्हतं, आजही नाही. म्हणूनच पुढचं सगळं सांगायला जड जातं. ते दारूसारखं लागलंच नाही. आधी जीभ आक्रसली, मग तोंडाला पाणी सुटलं, आणि सगळं निवळल्यावर मागे राहिला तो भाकरी तव्यावरून उतरवतानाचा वास. यात घातलंय काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "घातलं काही नाही. बिघडू दिलंय, पण लक्ष ठेवून."

मला ते वाक्य फार आवडलं. परतीच्या गाडीत मी ते मनात घोळवत आलो.

नाशिककडून वाइनची जुनी पिंपं मागवली. टेम्पोवाल्याला सांगितलं, हॉटेलात शोभेला ठेवायची आहेत. शेजारच्या शेडमध्ये हसमुखभाई ओतकामाचे लाकडी साचे करतात. त्यांनी गळणाऱ्या फळ्यांत मेण भरून दिलं. पहिलं पिंप चाखायला दिलं तर तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, "शिरीषभाई, आ तो बगडेली छाश छे. आना माटे जेल जवानुं?" बिघडलेल्या ताकासाठी तुरुंगात जायचं, हा मग त्यांचा कायमचा टोमणा झाला.

करायचं ते सोपं असतं. मोड आणून वाळवलेल्या जवाचा काढा करायचा, आंबवायचा, पिंपात भरायचा, खोली थंड ठेवायची आणि विसरून जायचं. बाहेर वैशाखात डांबर मऊ व्हायचं आणि आत पिंपं मजेत असायची. वर पांढरी, सुरकुतलेली साय धरते. ती मोडायची नाही, कारण हवा आत शिरली की सगळ्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. म्हणून चाखायला वरून उघडतच नाहीत. पिंपाच्या तोंडाच्या फळीला एक बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा ठोकून ठेवतात. पकडीने खिळा ओढला की सुतासारखी धार ग्लासात पडते. पुन्हा खिळा आत. ते खिळे मी स्वतः लेथवर घडवले होते. त्यांचा मला अभिमान होता.

अवघड असतं ते पुढचं. एकाच दिवशी, एकाच काढ्याने भरलेली पिंपंसुद्धा सारखी निघत नाहीत. एक अंगावर येतं, एक मुळमुळीत राहतं, एकाला भलताच वास धरतो. एकटं कुठलंच पिण्याजोगं नसतं. मग ती एकमेकांत मिसळायची, याचं थोडं, त्याचं जरा जास्त, ग्लासामागून ग्लास, चाखत चाखत. आणि तिथे मी अडलो. माझी जीभ ठार आहे. आईच्या हाताची आमटी आणि खानावळीची आमटी यांतला फरक मला आई गेल्यावर कळला. दोन वर्षांचा माल मी स्वतःच्या अकलेने मिसळून गटारात ओतला होता.

आणि जीभ होती विलासकडे.

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका चहाच्या पेढीवर तो चहाची मिश्रणं करायचा. आसामची भुकटी, दाणेदार चहा, कुठलातरी स्वस्तातला माल, यांचं असं काही गणित जमवायचा की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं नाव काढायचं नाही. मी अनेकदा नुसता बघत बसायचो. पांढऱ्या वाट्यांची रांग, पहिल्या वाटीत चमचा, मग तो सुर्रकन आवाज, शेजारच्या सोनाराला ऐकू जाईल एवढा, डोळे मिटलेले, आणि लगेच उंच पितळी पिकदाणीत पिचकारी. पुढची वाटी. दिवसभरात शेकडो घोट तोंडात घ्यायचे आणि एकही पोटात जाऊ द्यायचा नाही. "हा बघ," तो म्हणायचा, "पाण्यात बडबड करतो, दुधात गेला की गप्प. जावई असतो ने, तसा."

विलास पीत असे. म्हणजे पूर्वी. पोटलीत, प्लास्टिकच्या पिशवीत, मिळते ती, मागच्या गल्ल्यांतली, जिला ना नाव ना गाव. ज्याची जीभ चहातली एक चिमूट भुकटी ओळखायची तो माणूस ते कसं घशाखाली घालायचा, हे मला कधीच कळलं नाही. एकदा विचारलं होतं. "ती चाखायची नसतेच रे," म्हणाला. मग लिव्हरने इशारा दिला, दवाखाना झाला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्याने सोडली. खरोखर सोडली. वर्षानुवर्षं.

सोडली म्हणजे दोघांनी मिळून सोडली. नागरवाड्यातल्या त्यांच्या दारात मी ते पाहिलंय. विलास कामावरून यायचा, चपला काढायचा, आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी थोडा वाकून संध्यावहिनींच्या चेहऱ्यासमोर "हाऽ" करायचा. त्या वास घ्यायच्या, "हं" म्हणायच्या आणि चहा टाकायला वळायच्या. त्यात ना चिडचीड होती ना शरम. सांजवात लावावी तसं ते रोज होत असे. "आमच्या उंबऱ्यावर जकात नाका आहे," विलास सगळ्यांना सांगायचा, "माल घेऊन कुणी सुटत नाही." वहिनी पदराने तोंड पुसायच्या आणि हसायच्या. दिवसातली ती एवढीच एक तपासणी. बाकी वेळ त्यांनी त्याला कधी काही विचारलं नाही. त्यांचा आपल्या नाकावर विश्वास होता.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी पेढीवर गेलो आणि त्याला म्हटलं, येशील का. नुसतं चाखायला. तीन पिंपं तयार आहेत, मला काही समजत नाही.

तो वाट्या पुसत होता. थोडा वेळ पुसतच राहिला.

"तुला माहितीय ने माझं."

"प्यायला कोण सांगतंय? तोंडात घ्यायचं आणि थुंकायचं. तू दिवसभर दुसरं काय करतोस?"

"चहा वेगळा."

"तुझी तुझ्या जिभेवर खात्री नाही का?"

"जिभेची आहे," विलास म्हणाला. "गळ्याची नाही."

इतकं सरळ त्याने सांगितलं होतं. त्यानंतर कुणी पुढे बोलू नये. मी बोललो. मी म्हटलं, "काय म्हाताऱ्यासारखं करतोस. पागेतल्या घोडेस्वाराचा पणतू ना तू?" त्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि त्या एका वाक्याने विलास कुठेही यायला तयार व्हायचा, हे मला शाळेपासून माहीत होतं.

मी त्या हिवाळ्याबद्दल वाईट लिहायला बसलोय आणि आठवतं ते सगळं सुंदर आहे. हे मला सहन होत नाही. रविवारची दुपार, उन्हात पाठ शेकत बसलेले हसमुखभाई, समोर मिठातल्या हिरव्या हरभऱ्याचा ढीग, आणि आत थंड खोलीत पिवळ्या दिव्याखाली विलास. मी त्याच्यासाठी उंच, निमुळत्या तोंडाची स्टीलची बादली केली होती, पेढीवरच्या पिकदाणीसारखी. खिळा ओढायचा, धार धरायची, ग्लास त्याच्या हातात द्यायचा. तो डोळे मिटायचा. सुर्रर्र. त्या बंद खोलीत तो आवाज चारी भिंतींना लागून परत यायचा. मग बादलीत पिचकारी, आणि मग तो बोलायचा. मी श्वास रोखून ऐकायचो.

पिंपांची नावं त्यानेच ठेवली. थोरलं, मधलं, धाकटं. थोरलं म्हणजे कच्ची कैरी, मीठ न लावलेली, "हा नुसता भांडतो." धाकटं गोडसर, गव्हाच्या चिकासारखं, "याला अजून मिसरूड नाही." मधल्याला वास होता, ओल्या कातड्याचा, तबेल्याचा. तो पहिल्यांदा नाकाला लागला तेव्हा विलासने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग म्हणाला, "शिऱ्या, ही आमची पागा आहे." त्याने पागा कधी पाहिलेली नव्हती. त्याच्या वडिलांनीही नव्हती. तरी मला ते पटलं. असं काहीतरी त्याच्या तोंडून निघावं म्हणूनच मी त्याला आणलं होतं, असं त्या क्षणी वाटलं, आणि आपण एका थोर कामात आहोत असंही.

थोर काम. अधूनमधून हा शब्द मनात आला की मी आजही मान खाली घालतो.

पौष लागता लागता बादलीतला आवाज बदलला. पहिल्या रविवारी ठणकन वाजणारी पिचकारी नंतर नुसती ओठ पुसल्यासारखी झाली. संध्याकाळी बादली मागच्या मोरीत मीच रिकामी करायचो. एका रविवारी ती उचलली आणि हाताला लगेच कळलं. एवढ्या ग्लासांनंतर जेवढी जड असायला हवी तेवढी ती नव्हती. मी ती हातात धरून मोरीपाशी उभा राहिलो. आयुष्यभर टाक्या आणि पाइप यांच्यात काढलेला माणूस मी. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब मला झोपेतही जमतो.

मी बादली ओतली, धुतली, पालथी घातली.

पुढच्या रविवारी मुद्दाम त्याच्या गळ्याकडे पाहिलं. डोळे मिटून त्याने घोट तोंडात फिरवला, आणि गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग तो बादलीवर वाकला आणि थोडीशी थुंकी टाकली. माझ्यासाठी. डोळे उघडून म्हणाला, "धाकट्याचा एक वाटा वाढव. जवळ आलोय."

तो बरोबर सांगत होता. आम्ही खरंच जवळ आलो होतो. आणि मला आणखी दोनतीन बैठका हव्या होत्या. मला काय वाटलं होतं, हे मी या सगळ्या वर्षांत अनेक तऱ्हांनी स्वतःला समजावून सांगितलंय; घोटभराने काय होतं, त्यात दारू ती किती, मोठा माणूस आहे, त्याचं त्याला कळतं. यातलं एकही त्या वेळी मनात आलं नव्हतं. त्या वेळी मनात एवढंच आलं की आत्ता बोललो तर हा उठून जाईल आणि मिश्रण अर्धं राहील.

त्या दिवशी बाहेर हसमुखभाईंनी मला हाताने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "तमारो मित्र हवे थूंकतो नथी." तुमचा मित्र आता थुंकत नाही. भिंतीतल्या पाइपच्या भोकातून दर रविवारी त्यांच्या कानाला सवय झाली होती आणि आवाज यायचा थांबलेला त्यांना कळला होता. मी म्हटलं, हो का, आणि हरभऱ्याचे चार दाणे उचलून तोंडात टाकले.

नंतर वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, एक विचारू? रागावू नका हं. यांच्या तोंडाला रविवारचा वास येतो. दारूचा नाही वाटत मला. आंबूस आहे, दह्याच्या पाण्यासारखा. पण मला आपलं..."

मी थांबलो नाही. थोडासा अडखळलो असतो तरी त्या बाईने ओळखलं असतं. "वहिनी, आम्ही सिरका करतोय. जवाचा. चाखावा लागतो ना, त्याचा तो वास."

"अगंबाई, हो का. हे म्हणाले होते, शिरीषकडे काहीतरी खाटं चाललंय म्हणून."

"तेच ते. एक बाटली पाठवतो तुम्हाला."

"बरं झालं विचारलं. मी उगाच रात्रभर जागी." आणि त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सिरक्याची बाटली आणली, पाण्यात भिजवून वरचा कागद काढला, आणि पाठवून दिली. वहिनींनी त्यात छोटे कांदे मुरवले आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. "तुमच्याच सिरक्यातले," म्हणत ताटात वाढले. विलास मान खाली घालून जेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कांदे चांगले झाले होते.

त्या दिवसापासून नाका उठला. तो दारात वाकून "हाऽ" करत राहिला आणि त्या "हं" म्हणत राहिल्या. आंबट वास म्हणजे शिरीषभाऊजींचा सिरका. नवऱ्याला सांभाळायला त्यांच्याकडे जे एक होतं ते मी काढून घेतलं, आणि त्यांना ते कळूही दिलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मिश्रण जमलं. थोरल्याचा एक वाटा, मधल्याचे दोन, धाकट्याचे तीन. विलासने ग्लास उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "बोलतोय आणि ऐकतोयही." माझ्या ठार जिभेलाही ते समजलं. आम्ही जाड काचेच्या बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, खोलीत आडव्या रचल्या. सगळ्या शहरावर पतंग होते. कुणाचा पतंग कापला की गच्च्यांवरून "काप्यो छे" ऐकू येत होतं. निघताना विलासने विचारलं, "पुढच्या रविवारी काही आहे का?" मी म्हटलं, नाही, आता झालं. तो उगाच दाराची कडी वरखाली करत उभा राहिला. मग गेला.

माझं काम झालं होतं. त्याचं सुरू झालं होतं. होळीपर्यंत तो पुन्हा मागच्या गल्ल्यांत जायला लागला. तिथे जाऊन आला की संध्याकाळी प्रदीपकडे पडून राहायचा, वास जाईपर्यंत. भावाचं घर जवळ होतं आणि भाऊ स्वतः पिणारा, त्यामुळे काही विचारायचा नाही. एका सकाळी प्रदीपच्या सोसायटीत, स्कूटरी लावतात तिथे, तो रक्ताची उलटी होऊन पडलेला सापडला. दवाखान्यात काही आठवडे होता. मी रोज जायचो, शहाळं घेऊन. एकदा तो म्हणाला, "तुझ्या बाटल्या आता तयार झाल्या असतील." मी म्हटलं, बरा हो, मिळून उघडू. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच खिडकीकडे वळलो.

त्याच दिवसांत पुण्याच्या त्या ब्रुअरीवाल्याचा फोन आला. मी त्याला एक बाटली पाठवली होती. तो फार खूश होता. "मिश्रण कुणी केलं?" त्याने विचारलं. दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो मी. म्हटलं, मीच.

विलास उन्हाळ्यात गेला. तेराव्याला पंगत बसली होती आणि मी वरणाचं पातेलं धरून वाढत होतो, तेव्हा वहिनींनी सगळ्यांसमोर प्रदीपला सांगितलं, "तुमच्याकडे जायला लागले आणि पुन्हा सुरू झालं. या घराची पायरी पुन्हा चढू नका." प्रदीप पानावरून उठला. वरण सांडू नये म्हणून मी पातेलं छातीशी धरून बाजूला झालो आणि त्याला जायला वाट करून दिली. पुढच्या पानावर मी वरण वाढलं.

पुढची पिंपं भरलीच नाहीत. होती ती हसमुखभाईंकडून करवत आणून कापली. फळ्या आतून जांभळ्या, मऊ झालेल्या होत्या. दर संक्रांतीला मी वहिनींकडे तिळगूळ घेऊन गेलो आणि दर संक्रांतीला त्या म्हणाल्या, तुम्ही येता म्हणून बरं वाटतं. मी बोललो नाही त्याला लोक भिडस्तपणा म्हणतात. लहानपणापासून माझी ख्याती आहे, शिरीष फार कमी बोलतो म्हणून. कमी बोलणाऱ्याला गप्प राहायचं फार सोपं जातं. कुणी विचारतच नाही.

परवा पत्रिका घेऊन नागरवाड्यात गेलो. वहिनी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला चहा दिला आणि पुन्हा सोलायला बसल्या. पत्रिका पाहून म्हणाल्या, "ठेवा तिथे. मुलीला आशीर्वाद सांगा. मी काही जाणार नाही."

"वहिनी, तो सिरका नव्हता."

त्यांना कळलं नाही. कसं कळणार. मग मी पहिल्यापासून सांगितलं. पेढीवर काय बोललो ते, पणजोबांचं, बादलीचं, गळ्याचं, बाजारातल्या बाटलीचं. त्यांचे हात चालू होते. दाणे ताटलीत पडत होते. मी जमिनीकडे बघून बोलत होतो, त्यामुळे हात कधी थांबले ते मला दिसलं नाही.

"मी फोन केला तेव्हा," त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? हे गिळतात म्हणून?"

"हो."

"आणि तरी तुम्ही बाटली पाठवलीत."

"हो."

"प्रदीपभाऊजींचा काही..."

"काही नाही. विलास येऊन पडला की तो नुसतं पांघरूण घालायचा."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आणि ते जे तुम्ही केलंत. तुम्ही दोघांनी. ते शेवटी चांगलं झालं होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हटलं. "फार चांगलं."

"मग त्याचं काय केलंत?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. बाकी सगळ्याची केली होती. घरून निघताना वाक्यं मनात लावून ठेवली होती. ओतून टाकलं, असं कुणीही म्हणालं असतं. कुणीही ओतून टाकलं असतं.

"प्यायलो," मी म्हटलं. "पुढच्या हिवाळ्यात. सगळ्या बाटल्या."

त्या उठल्या. माझ्यासमोरचा कप उचलला. त्यात अर्धा चहा होता अजून. तो घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी तसाच बसून राहिलो. मग पाणी थांबलं आणि आत त्या फोनवर बोलायला लागल्या, अगदी रोजच्या आवाजात. कोण कसं आहे, मुलगी काय करते. बाहेर मी आहे हे त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं. हळद घरीच आहे का हॉलवर, आणि आपण किती वाजता यायचं, एवढंच त्या प्रदीपला विचारत होत्या.